जुन्या खर्जाच्या पेटीला स्पीकर कोणता, अँप्लिफायर केवढा?

वसईच्या पट्ट्यात, म्हणजे पापडी-गिरीजपासून आगाशी-अर्नाळ्यापर्यंत, लग्नाचा हंगाम लागला की संध्याकाळच्या वाऱ्यावर दुरून गाणे ऐकू येते. नीट कान दिलात तर एक गोष्ट ध्यानात येईल. गाणाऱ्याचे शब्द, ट्रंपेटची तान, हे सगळे वाटेतच विरून गेलेले असते. आपल्या ओटीपर्यंत येऊन पोचतो तो फक्त खालचा 'धुम्म धुम्म' आवाज. दारे-खिडक्या लावून घेतल्या तरी तो आत येतोच. आपल्या गवयांच्या भाषेत हा खर्ज, आणि बँडवाल्या पोरांच्या भाषेत 'बास'. हा खर्ज ज्या पेटीतून निघतो त्या पेटीविषयी आज तुमच्याशी बोलायचे आहे. आणि तेही नव्या कोऱ्या पेटीविषयी नव्हे, तर कुणाच्या तरी माळ्यावरून उतरवलेल्या जुन्या पेटीविषयी.

याला कारण घडले ते आधी सांगतो. मी कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवतो. दोनएक वर्षांपूर्वी शेजारच्या गावची चार पोरे माझ्या दारात आली. त्यांतला एक माझा विद्यार्थी. त्यांच्या गावचे एक वडीलधारे गृहस्थ तरुणपणी आगबोटीवरच्या बँडमध्ये बास वाजवीत असत. त्यांनी आपली जुनी पेटी या पोरांच्या बँडला देऊन टाकली होती. पेटी कमरेएवढी उंच, जाड प्लायवूडची, आत पंधरा इंची दोन स्पीकर. एकाचा कागद फाटून लोंबत होता, दुसरा धड होता. "सर, काय करू या?" पोरांनी विचारले. मी परीक्षेच्या कामात होतो. म्हटले, "फाटलेला स्पीकर बदला आणि साधारण शंभर वॅटचा अँप्लिफायर लावा." झाले. माझे वाक्य चुकीचे नव्हते, पण अर्धवट होते.

पोरांनी मोटारीत लावायचा पंधरा इंची स्पीकर आणला, कारण तो भोकात बरोबर बसला. अँप्लिफायर गावच्या मंडळाचा, सभासमारंभाला वापरायचा, तो मागून आणला. त्याच्या पाठीमागे स्क्रूंची एक ओळ असते: ४, ८, १६, ७० आणि १००. सरांनी शंभर सांगितले होते, म्हणून पोरांनी वायर शंभराच्या स्क्रूला लावली! फ्यूज उडाला. कुणीतरी शहाण्याने फ्यूजच्या जागी तांब्याची जाड तार गुंडाळली. मग धूर निघाला. हळदीची रात्र, पाहुणे जमलेले. धावपळ करून एकाकडून सहाशे वॅटचा मोठा अँप्लिफायर आणला आणि दुसऱ्याच गाण्याला जुना धड स्पीकरही करपला. त्या रात्री बँड खर्जावाचून वाजला. पोरांची तीन हंगामांची शिल्लक गेली. मंडळाचा अँप्लिफायर गेला तो वेगळाच, आणि मंडळ चालते वर्गणीवर. दुसऱ्या दिवशी पोरे आली तेव्हा त्यांनी मला एक शब्द लावला नाही. त्यामुळे मला जास्तच ओशाळे वाटले.

तेव्हा जे त्या दिवशी दहा मिनिटे बसून सांगायला हवे होते ते आज सांगतो.

पहिला प्रश्न असा की खर्जाला एवढी मोठी पेटी लागते तरी कशाला? बास गिटारची सर्वांत जाड तार मोकळी छेडली तर ती सेकंदाला सुमारे ४१ वेळा कंप पावते. हवेत आवाज सेकंदाला सुमारे ३४५ मीटर धावतो. म्हणजे या सुराची एक लाट सुमारे साडेआठ मीटर लांब झाली. आपल्या शाळेच्या एका वर्गखोलीहून लांब! एवढी लाट उठवायची तर पुष्कळ हवा ढकलावी लागते. सूर एक सप्तक खाली आणला आणि आवाज तेवढाच मोठा हवा असला, तर स्पीकरच्या कागदी शंकूला चौपट ये-जा करावी लागते. दोन सप्तके खाली उतरलात तर सोळापट. पंख्याने वारा घालणे आणि सुपाने वारा घालणे यांत जो फरक आहे तोच इथे आहे.

आणि दुसरी अडचण. शंकू पुढे येतो तेव्हा पुढची हवा दाबली जाते, पण त्याच क्षणी मागची हवा विरळ होते. स्पीकर नुसता टेबलावर ठेवला तर पुढची दाबलेली हवा कडेने वळून मागे जाते आणि हिशेब मिटतो. म्हणून उघड्या स्पीकरमधून गाण्याचे शब्द ऐकू येतात, खर्ज मात्र येत नाही. पुढची आणि मागची हवा वेगळी ठेवणे हे पेटीचे पहिले काम.

पेटीचे दुसरे काम तुम्हाला वसईत समजावून सांगायला सोपे आहे. इथल्या जुन्या लग्नांत घुमट वाजते, ते सर्वांनी पाहिले असेल. मातीचे मडके, एका तोंडाला कातडे, दुसरे तोंड उघडे. पूर्वी घोरपडीचे कातडे लावीत. त्याला आता कायद्याने बंदी आहे, म्हणून बकरीचे लावतात. वाजवणारा उघड्या तोंडावर हात धरतो आणि काढतो, तसा घुमटाचा आवाज बदलतो. का बदलतो? मडक्यातली हवा स्प्रिंगसारखी आणि तोंडाशी असलेली हवा त्या स्प्रिंगला लटकलेल्या वजनासारखी वागते. या जोडीचा स्वतःचा एक सूर असतो. सुरईच्या तोंडावर फुंकर घालून पाहा, तो सूर ऐकू येईल. पाणी भरत गेलात की आतली हवा कमी होते आणि सूर चढतो.

ज्या पेटीला पुढे स्पीकरशिवाय आणखी एक भोक किंवा नळी असते, ती पेटी म्हणजे मोठी सुरईच. पेटी मोठी तर तिचा सूर खाली. नळी लांब तर सूर खाली. भोक मोठे तर सूर वर. ज्याने पेटी बनवली त्याने हा सूर काही हेतूने बांधलेला असतो. म्हणून ते भोक शोभेचे समजून बुजवू नका आणि 'आवाज मोकळा व्हावा' म्हणून करवतीने वाढवूही नका. मी दोन्ही प्रकार पाहिले आहेत. एके ठिकाणी तर भोकात उंदीर जातो म्हणून फडके कोंबले होते! उंदरासाठी जाळी ठोका, फडके नको. मात्र एक धोका ध्यानात ठेवा. सुरईच्या सुराच्या खाली गेलात की आतली हवा स्पीकरला आवर घालत नाही. शंकू मोकाट पुढेमागे धावतो, आवाज तर येत नाही, पण कॉईल आपटून खराब होते. पाच तारांच्या बासची खालची तार सेकंदाला ३१ कंपनांची असते. जुन्या पेट्या बहुधा चार तारांच्या काळातल्या. त्यांवर पाचवी तार जोराने वाजवणे म्हणजे बैलगाडीत ट्रकचा माल भरण्यासारखे आहे.

ज्या पेटीला असे भोक नाही ती बंद पेटी. तिच्यातली कोंडलेली हवा शंकूला उशीसारखी आधार देते. तिचा खर्ज थोडा कमी, पण आटोपशीर.

आता थोडा इतिहास, पण तो कामाचा आहे. आज आपण ज्याला स्पीकर म्हणतो, म्हणजे लोहचुंबकाच्या फटीत हलणारी कॉईल आणि तिला चिकटवलेला कागदी शंकू, त्याचे नीट शास्त्र अमेरिकेत राइस आणि केलॉग या दोघांनी १९२५ साली मांडले. विजेची बास गिटार लिओ फेंडर याने १९५१ साली बाजारात आणली. पण कोणत्या स्पीकरला केवढी पेटी हवी याचा हिशेब ऑस्ट्रेलियातल्या नेव्हिल थील नावाच्या अभियंत्याने १९६१ साली मांडला, आणि रिचर्ड स्मॉल याने १९७०नंतरच्या काही वर्षांत तो पुरा केला. म्हणजे त्याआधीच्या, आणि त्यानंतरच्याही पुष्कळ पेट्या सुताराच्या हाताने आणि वाजवणाऱ्याच्या कानाने बनलेल्या आहेत. त्या वाईट होत्या असे मुळीच नाही. पण त्या त्या काळच्या स्पीकरसाठी बनलेल्या होत्या. तो स्पीकर हलक्या कागदाचा, कडेला कागदाच्याच चुण्या असलेला, थोड्या विजेत मोठा आवाज देणारा. फार लांब ये-जा न करणारा. आणि २५, ३०, ५० वॅटच्या पलीकडे न सोसणारा. त्या काळचे अँप्लिफायरही तेवढेच होते.

मोटारीचा स्पीकर नेमका याच्या उलट. शंकू जड, कडेला जाड रबर, ये-जा लांब, छोट्या बंदिस्त पेटीत खर्ज काढण्यासाठी बनवलेला. आणि त्याची किंमत तो विजेच्या रूपाने वसूल करतो. पोरांनी इंच मोजले, बाकीचे मोजले नाही. पंधरा इंच म्हणजे भोकाचे माप आहे. पायात बूट बसला म्हणजे तो चालायला सोयीचा असतोच असे नाही.

मग काय पाहायचे? तीन गोष्टी: ओहम, वॅट आणि डेसिबल. लोक फक्त मधली विचारतात.

ओहमपासून सुरुवात करू, कारण धूर तिथूनच निघतो. आपल्या वाडीतला पंप डोळ्यांसमोर आणा. पंपाचा दाब म्हणजे व्होल्ट, नळीतून जाणारे पाणी म्हणजे प्रवाह आणि नळीचा अरुंदपणा म्हणजे ओहम. अरुंद नळी म्हणजे जास्त ओहम, पाणी कमी. एका पंपाला दोन नळ्या जोडल्या तर पाणी दुप्पट जाते आणि पंपावर ताण येतो. तसेच ८ ओहमचे दोन स्पीकर शेजारी-शेजारी जोडले, म्हणजे दोघांचे धन टोक धनाला आणि ऋण टोक ऋणाला, तर अँप्लिफायरला ते ४ ओहम दिसतात. एकापुढे एक माळेसारखे जोडले तर १६ दिसतात. चार स्पीकर असले तर दोन-दोनच्या दोन माळा करून त्या शेजारी जोडतात. म्हणजे चार मिळून पुन्हा ८ ओहम.

आजच्या ट्रान्झिस्टरच्या अँप्लिफायरवर लिहिलेले असते: 'किमान ४ ओहम'. याचा अर्थ ४, ८, १६ काहीही चालेल, ४ च्या खाली चालणार नाही. ओहम जास्त असले तर नुकसान होत नाही, फक्त वॅट कमी मिळतात. हिशेब सोपा आहे: व्होल्टचा वर्ग करा आणि ओहमने भागा. ८ ओहममध्ये १०० वॅट द्यायला सुमारे २८ व्होल्ट लागतात. तेच २८ व्होल्ट ४ ओहमला दिले तर कागदावर २०० वॅट येतात. प्रत्यक्षात अँप्लिफायर थोडा दमतो आणि दीडपट-पावणेदोनपट देतो.

आता पोरांच्या पेटीचा हिशेब याच रीतीने करून पाहा. जुना स्पीकर ८ ओहमचा आणि ५० वॅटचा, नवा ४ ओहमचा, दोन्ही शेजारी जोडलेले. एकूण झाले सुमारे पावणेतीन ओहम, म्हणजे किमानाच्या खाली. मोठा अँप्लिफायर ४ ओहमला ६०० वॅट देणारा, म्हणजे सुमारे ४९ व्होल्टचा. ४९ चा वर्ग सुमारे २४००. त्याला ८ ने भागा. पन्नास वॅट सोसणाऱ्या म्हाताऱ्या स्पीकरच्या वाट्याला तीनशे वॅटपर्यंत वीज आली. तो दुसऱ्या गाण्यापर्यंत टिकला हेच नवल! म्हणून एका पेटीत वेगवेगळ्या ओहमचे स्पीकर घालू नयेत. दोन बैल जुवाला सारखेच हवेत.

आणि तो १०० चा स्क्रू? तो वॅटचा नाही, व्होल्टचा आहे. जत्रेत किंवा बाजारात एका अँप्लिफायरवरून दूरदूर दहा-वीस कर्णे लावायचे असतात. लांब तारेत वीज वाया जाऊ नये म्हणून दाब वाढवून पाठवतात आणि प्रत्येक कर्ण्याजवळ एक छोटा ट्रान्सफॉर्मर दाब पुन्हा उतरवतो. गावाबाहेरच्या उच्च दाबाच्या वाहिनीचे आणि डेपीचे जे नाते, तेच हे. शंभर वॅटच्या अँप्लिफायरला १०० व्होल्टच्या स्क्रूवर १०० ओहम अपेक्षित असतात. तिथे ट्रान्सफॉर्मरशिवाय तीन ओहम लावले म्हणजे नळीऐवजी पाटच फोडून दिल्यासारखे झाले. फ्यूज उडाला तो बिचारा आपले काम करीत होता. शिक्षकांनी मुलांना एवढे तरी जरूर सांगावे की फ्यूज उडणे हा दोष नव्हे, ती सूचना असते. आणि फ्यूजच्या जागी जाड तार घालणारा माणूस कितीही हुशार दिसला तरी त्याला अँप्लिफायरपासून दूर ठेवावे.

जुना काचेच्या व्हॉल्व्हचा अँप्लिफायर कुणाकडे असेल तर त्याचे शास्त्र निराळे. त्याच्या ट्रान्सफॉर्मरला ४, ८, १६ अशी टोके असतात. पेटी जितक्या ओहमची तितक्याच टोकाला ती लावायची. आणि स्पीकर जोडल्यावाचून तो कधीही वाजवायचा नाही. भार नसला तर ट्रान्सफॉर्मरमध्ये दाब उसळून तो जळू शकतो. शिवाय त्याच्या पोटात तीनशे-चारशे व्होल्ट, कधी त्याहूनही जास्त दाब असतो आणि बटण बंद केले, प्लग काढला तरी तो कंडेन्सरमध्ये साठून राहतो. जाणकाराशिवाय त्याचे झाकण उघडू नका. ही गोष्ट मी गमतीने सांगत नाही.

आता वॅट. बाजारात हा शब्द फार स्वस्त झाला आहे. डब्यावर 'हजार वॅट' लिहिलेले असते आणि मागे फ्यूज असतो अर्ध्या अँपिअरचा. २३० व्होल्टला अर्ध्याने गुणा. ११५ वॅट झाले. जो भिंतीतून सव्वाशे वॅटही घेत नाही तो हजार कुठून देणार? तेव्हा अखंड चालणारे वॅट विचारा. दुकानदार त्याला 'आर. एम. एस.' म्हणतात. स्पीकरच्या बाबतीतही तोच आकडा धरा.

साधा नियम असा: पेटीतल्या स्पीकरांचे मिळून जेवढे अखंड वॅट, तेवढ्या किंवा त्याहून थोड्या कमी वॅटचा अँप्लिफायर. व्हॉल्व्हचा अँप्लिफायर असेल आणि वाजवणारा तो पुरा चढवून, आवाज जरा फाटू देत वाजवीत असेल, तर स्पीकरची ताकद अँप्लिफायरच्या दुप्पट धरा. कारण आवाज फाटतो तेव्हा लाटेचे गोल डोंगर वरून कापले जाऊन चौकोनी होतात, आणि पुऱ्या चौकोनी लाटेत तेवढ्याच उंचीच्या गोल लाटेच्या दुप्पट शक्ती असते. 'लहान अँप्लिफायर स्पीकर जाळतो' असे जे म्हणतात त्यात तथ्य असले तर एवढेच. पन्नास वॅटचा अँप्लिफायर फाटून शंभर देईल. पण तीनशे वॅटच्या स्पीकरला त्याचे काय? स्पीकर जळतो तो कॉईल तापल्यामुळे, दुसऱ्या कशाने नाही.

आणि कॉईल तापते किती, ते ऐकून तुम्हाला आश्चर्य वाटेल. चांगल्या स्पीकरला शंभर वॅट दिले तर आवाज होतो फार तर तीनएक वॅटचा. उरलेले सत्त्याण्णव नुसती उष्णता! सोल्डरिंगची साधी इस्त्री २५ वॅटची असते. तशा चार इस्त्र्या सुपारीच्या डबीएवढ्या जागेत कोंडल्या आहेत अशी कल्पना करा. जुन्या स्पीकरची कॉईल कागदाच्या नळीवर गुंडाळलेली असे. ती करपणार नाही तर काय होणार?

तिसरी गोष्ट डेसिबल, आणि माझ्या मते हीच खरी निवडीची. स्पीकरच्या कागदपत्रात लिहिलेले असते की एक वॅट दिल्यावर एक मीटरवर तो किती डेसिबल आवाज करतो. एक स्पीकर ९७ चा, दुसरा ९१ चा. फरक सहाचा, किरकोळ वाटतो. पण वॅट दुप्पट केले तर डेसिबल वाढतात फक्त ३, आणि दसपट केले तर १०. म्हणून ९७ वाला पन्नास वॅटमध्ये जेवढा आवाज करील, तेवढ्यासाठी ९१ वाल्याला दोनशे वॅट लागतील. मोटारीचे स्पीकर बहुधा ८६-८८ च्या आसपास असतात. जुने पंधरा इंची स्पीकर थोड्या विजेत मोठ्याने बोलत ते याच गुणामुळे. आणि कानाचेही असे आहे की दहा डेसिबल वाढले तेव्हा कुठे त्याला 'आवाज दुप्पट झाला' असे वाटते. शंभराचा अँप्लिफायर विकून दोनशेचा आणणाऱ्याला ३ डेसिबल मिळतात. पैसे मात्र खरेच दुप्पट लागतात.

मग आपल्या जुन्या पेटीला स्पीकर निवडताना कागदावरचे आणखी दोन आकडे पाहा. 'एफ-एस' म्हणजे शंकूचा स्वतःचा सूर, आणि 'क्यू-ई-एस' म्हणजे चुंबक त्या शंकूला किती घट्ट आवरतो याचे माप. पहिल्याला दुसऱ्याने भागा. उत्तर ५० च्या आसपास किंवा खाली आले तर तो स्पीकर बंद पेटीचा. १०० च्या जवळ आले तर भोकाच्या पेटीचा. मधले उत्तर आले तर दोन्हीकडे निभते. हा काही वेदवाक्यासारखा नियम नव्हे, पण भोकात बसतो म्हणून स्पीकर घेण्यापेक्षा शंभरपट बरा. पेटीचे आतले माप घेऊन लिटरही काढून ठेवा. ६० सेंटीमीटर रुंद, ७० उंच, ३६ खोल म्हणजे सुमारे १५० लिटर. सातवीतली मुले हे गणित करतील.

जुना स्पीकर फेकण्याची मात्र घाई करू नका. चुंबक आणि लोखंडी सांगाडा पन्नास-साठ वर्षांनीही चांगला राहतो. खराब होतो तो कागद आणि कॉईल, आणि ते नवे बसवणारे कारागीर अजून आहेत. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर चौकशी केलीत तर सापडतील. विरार लोकलने ग्रँट रोडला उतरायचे. पंधरा इंची स्पीकर घेऊन गर्दीच्या वेळी जाऊ नये, आणि गेलातच तर मालडब्यातून जा. आपल्या किनाऱ्याला आणखी एक त्रास आहे. खाऱ्या दमट हवेने कॉईलच्या फटीत गंज धरतो. पावसाळाभर पडून राहिलेल्या स्पीकरचा शंकू दोन्ही हातांच्या बोटांनी हळूच, सारख्या दाबाने आत ढकलून पाहा. खरखर लागली तर तो वाजवू नका, आधी साफ करून घ्या. पेटी भिंतीला आणि जमिनीला टेकवून ठेवू नका. खाली दोन फळ्या घाला.

मीटर जवळ असेल तर, आणि तो आता दोन-तीनशे रुपयांत मिळतो, स्पीकरच्या दोन टोकांना लावा. ८ ओहमचा स्पीकर मीटरवर सहाच्या आसपास दाखवील. घाबरू नका, तो बरोबरच आहे. मीटर फक्त तारेचा विरोध मोजतो, वाजताना होणारा नाही. ४ वाला तीन-सव्वातीन दाखवील, १६ वाला बारा-तेरा. काहीच दाखवले नाही तर कॉईल तुटली.

शाळेत करण्यासारखा एक प्रयोग सांगतो. बॅटरीतला दीड व्होल्टचा सेल घ्या आणि त्याची टोके स्पीकरला क्षणभर लावा. 'टक्' आवाज होऊन शंकू पुढे येईल किंवा मागे जाईल. पुढे आला तर सेलचे धन टोक जिथे लागले तिथे खडूने खूण करा. मागे गेला तर टोके उलटी लावून पाहा. पेटीतले सगळे स्पीकर एकाच वेळी पुढे आले पाहिजेत. एक पुढे आणि एक मागे असे झाले तर दोन्ही वाजतील, पण एकाची दाबलेली हवा दुसरा खाऊन टाकील आणि खर्ज नाहीसा होईल. तारांचे रंग पाहून विश्वास ठेवू नका; जुन्या काळी काही कंपन्यांच्या खुणा उलट असत.

तारेचेही बोलून टाकतो. अँप्लिफायर मंडपाच्या एका टोकाला आणि पेटी वीस मीटरवर असली तर जाऊन-येऊन चाळीस मीटर तार झाली. एक चौरस मिलिमीटर जाडीच्या तांब्याच्या तारेत तेवढ्याने सुमारे पाऊण ओहमचा विरोध येतो. ४ ओहमच्या पेटीचे शेकडा पंधरा वॅट वाटेतच गरम झाले! अडीच मिलिमीटरची तार घ्या, किंवा त्याहून बरे म्हणजे अँप्लिफायरच पेटीजवळ आणा. दिव्यांच्या माळेची तार वापरू नका.

पोरांच्या पेटीचे पुढे काय केले ते सांगायचे राहिले. पेटीला भोक होते, आतली जागा दीडशे लिटरच्या आसपास. मोटारीचा स्पीकर त्यांनी विकून टाकला. निम्मे पैसे आले. करपलेल्या आणि फाटलेल्या दोन्ही जुन्या स्पीकरांना नवी कॉईल आणि नवा शंकू बसवून घेतला, कारण सांगाडे उत्तम होते आणि दोन्ही एकाच जातीचे होते. दोन्ही ८ ओहमचे, पन्नास-पन्नास वॅटचे. शेजारी जोडल्यावर ४ ओहम आणि शंभर वॅट. अँप्लिफायर ४ ओहमला शंभर वॅट देणारा, जुनाच पण चालता, हप्त्याने घेतला. मंडळाचा अँप्लिफायर दुरुस्त करण्याचा खर्च मी आणि पोरांनी निम्मा-निम्मा केला. शंभराचा आकडा माझ्याच तोंडून गेला होता. त्याच्या पाठीमागे आता मी स्वतः मराठीत चिठ्ठी चिकटवली आहे: '७० आणि १०० हे व्होल्ट आहेत. कर्ण्यांसाठीच.'

"सर, शंभर वॅट पुरतील का?" त्यांनी विचारले होते. ९७ डेसिबलचा स्पीकर शंभर वॅटला एक मीटरवर ११७ पर्यंत जातो. उघड्यावर अंतर दुप्पट झाले की सहा डेसिबल उतरतात. सोळा मीटरवर ९३ उरतात, आणि हे एकाच स्पीकरचे गणित झाले. लग्नाच्या मंडपाला आणखी किती हवे? कायदाही पाहायला हवा. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे वस्तीच्या भागात मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची. लाउडस्पीकरला लेखी परवानगी लागते आणि रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर तो बंद ठेवावा लागतो. काही सणांना, वर्षाकाठी पंधरा दिवसांपर्यंत, राज्य सरकार रात्री बारापर्यंत सूट देऊ शकते. एक मेख मात्र आहे. हे डेसिबल मोजणारे यंत्र माणसाच्या कानाप्रमाणे खर्जाला कमी लेखते. ५० कंपनांच्या सुराला ते तीस डेसिबल कमी दाखवते. म्हणून यंत्र 'ठीक आहे' म्हणते आणि शेजारच्या आजीच्या कपाटातली भांडी मात्र थरथरत असतात.

यंदाच्या हंगामात पहिल्या कार्यक्रमाला पोरांनी पेटीच्या जुन्या मालकांना खुर्ची देऊन पुढे बसवले. मी मागे उभा होतो. ते काही बोलले नाहीत. पहिले गाणे अर्धे झाले तेव्हा ते उठून पेटीपाशी गेले, तिच्या बाजूच्या फळीवर तळहात ठेवून थोडा वेळ उभे राहिले, आणि मग अँप्लिफायरवरचे बटण त्यांनी स्वतःच थोडे खाली आणले.